बोंबलीचा फाटा

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते आण्णांच्या शाळेपुरतं. बाकी सगळं आईच्या हाकेवर चालायचं. तव्यावरची शेवटची भाकरी उतरली की आई पदराला हात पुसत मागच्या दारानं बाहेर यायची, गोठ्याच्या पलीकडं बांधावर जाऊन उभी राहायची, उजवा हात तोंडाशी न्यायची आणि हाक द्यायची, “आवंऽऽऽ”. एवढीच हाक. पुढं नाव नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर ठरलेलंच, आणि त्यांचं टाळून नुसती मुलांची नावं घेतली तर ज्याला बोलवायचं तोच राहायचा, म्हणून सगळ्यांना मिळून तेवढं एक ‘आवं’. आण्णा सुट्टीच्या दिवशी ओढ्यापलीकडं विहिरीवर असायचे, माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, झेंडूच्या वाफ्यात. त्या अंगाला आणखी चार घरांची रानं होती, त्या घरच्या बायकाही हाका मारायच्या, पण आईची हाक कुणी दुसरीची समजला असं कधी झालं नाही. तिची हाक शेवटाला जराशी वर चढायची, काही विचारल्यासारखी. मग पलीकडून मोटार बंद झाल्याचा आवाज यायचा आणि आई आत येऊन ताटं मांडायला घ्यायची.

ताटात काय असायचं तेही सांगते, कारण आता ते मला करून घालणारं कुणी नाही. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्यातलं वांगं, शेंगदाण्याची ओबडधोबड कुटलेली चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. थंडीत हुलग्याचं माडगं. आण्णा भाकरीचा पापुद्रा अलगद उचलून आधी त्याच्याकडं बघायचे, मग खायचे. चित्रकलेचे मास्तर ना! शिरूरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे, आणि ज्या विषयात कुणी नापास होत नाही त्या विषयाच्या मास्तरला गावात जेवढा मान असतो तेवढा त्यांना होता. त्यांची खरी ओळख सिंहांची. त्या काळी बंगला बांधला की फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे सिंह बसवायची टूम निघाली होती, आणि आमच्या भागातले बहुतेक सिंह आण्णांच्या हातचे होते. आण्णा त्या सिंहांना कंटाळले होते. “सिंह कुणी बघितलाय इथं?” ते म्हणायचे. “न बघितलेलं एवढं केलं, आणि रोज बघतो ते एकदाही केलं नाही.”

आमचं घर शिरूर-दौंड रस्त्याला, इनामगावच्या अलीकडं, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. फाट्याला त्या वेळी नाव नव्हतं. किसनशेठचं खता-बियाण्याचं दुकान, चहा-भज्यांचं एक हॉटेल, एक पंक्चरवाला आणि लिंबाचं झाड, एवढाच पसारा. कंडक्टरला ‘फाट्यावर’ म्हटलं की तो विचारायचा, “कुठल्या?” मग सांगत बसा, लिंबाचं झाड हाय बघा तो. पुढं रस्त्यावरच्या एकेका फाट्यावर कमानी उभ्या राहायला लागल्या, पुतळे बसायला लागले, आणि आमच्या लोकांनाही वाटलं की आपलं असं काहीतरी पाहिजे. मंडळाची बैठक किसनशेठच्या दुकानात झाली. कुणाचा पुतळा, यावर दोन तट पडले. नावं मी लिहीत नाही, कारण आजही पडतील. शेवटी किसनशेठ वैतागून म्हणाले, “मंग कुणाचाच नको. मास्तर, तुमीच कायतरी करा शेतकऱ्याचं. कुणालाच राग येनार न्हाई आसं.”

कुणालाच राग येणार नाही असं! आता वाटतं, तिथंच सगळं फसलं. ज्याचा कुणालाच राग येत नाही, त्याच्या बाजूनं भांडायलाही कुणी येत नाही.

आण्णांनी मात्र ते शब्द आनंदानं घरी आणले. त्यांनी काय करायचं ते जेवताना ठरवलं, आणि ते ठरवताना ते आईकडं बघत होते. रानातल्या माणसांना भाकरीला बोलावणारी बाई. डोक्यावर पदर, एक हात कमरेवर, एक हात तोंडाशी. आई लाजली, मग रागावली, मग रोज दुपारी अंगणात उभी राहायला लागली. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, त्यावर सिमेंट. वाळू चाळायचं काम माझ्याकडं. मी तेव्हा कॉलेजला नुकती जायला लागले होते आणि वाळू चाळणं मला कमीपणाचं वाटायचं, तरी मी तिथून हलायची नाही, कारण आई-आण्णांचं इतकं बोलणं मी एरवी कधी ऐकलं नव्हतं.

“आवो, हात आवघडला माजा.”

“जरा वेळ. तोंड उघडं ठेव.”

“माशी जाईल की तोंडात!”

“गेली तर गेली. हाक मारतीयेस ना? मग आवाज नसला तरी मनात मार.”

आणि आई खरंच मनात हाक मारायची. तिच्या गळ्याची शीर ताठ व्हायची. आण्णांनी ती शीर सिमेंटमध्ये अशी उतरवली की ओलं असताना हात लावला तर ठोका लागेल असं वाटायचं. मूर्ती अंगणात उभी होती तेव्हा शेजारच्या बायका येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, अगं बया, ही तर तूच! आई वरवर झिडकारायची, पण चहा टाकल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायची नाही.

अनावरणाच्या दिवशी फाट्यावर मांडव होता, स्पीकर होता, पुढारी होते. आई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बायकांत पुढं बसलेली. पुढाऱ्यांनी दोरी ओढली, पडदा खाली आला, आणि चांगला पुरुषभर उंचीच्या चौथऱ्यावर आमची बाई उभी दिसली. टाळ्या कधी वाजतील म्हणून मी आण्णांकडं बघत होते. तेवढ्यात मागून, लिंबाच्या झाडाकडून, एक आवाज आला.

“आरं तिच्या! ही तर बोंब मारतीया!”

आणि कुणीतरी पालथा हात तोंडावर आपटून शिमग्यासारखी बोंब ठोकली.

मग काय विचारता! आधी पोरं हसली, मग बापये, मग बायका पदर तोंडाला लावून. स्पीकरवाला हसला. पुढाऱ्यांनी रुमाल काढून घाम पुसल्यासारखं केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. आई हसत होती, म्हणजे टाळ्या वाजतील या अपेक्षेनं तिनं जे हसू तोंडावर आणलं होतं ते तसंच राहिलं होतं, आणि ते काढायचं कसं हे तिला कळत नव्हतं. आण्णांच्या हातात त्यांना दिलेला नारळ होता. तो त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. त्यापलीकडं त्यांनी काहीच केलं नाही, आणि करण्यासारखं काही नव्हतंच.

तो आवाज कुणाचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. फाट्यावरचे सगळे आवाज मी मनात लावून बघितले. एकही बसत नाही. आता पन्नाशी उलटली, त्या माणसाचा मला राग येत नाही, असं लिहायला मी बसले होते. पण येतो. आणि तो खोटं बोलला नव्हता, हे तर त्याहून दुखतं. मीही वर बघितलं होतं. खालून बघितलं की बाईचा हात तोंडावर आल्यासारखा दिसत होता आणि उघडं तोंड त्याच्या मागं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही त्याचा एकच अर्थ कळतो.

आपल्या भाषेत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. बाळाचं नाव ठेवतात ते पाळणा हलवून, कानात, हळू. नावं ठेवायला पाळणाही लागत नाही आणि आत्याही लागत नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या फाट्यावर दोन्ही एकदमच झालं. बाईचं नाव पडलं ‘बोंबली’, आणि आठ-पंधरा दिवसांत एसटीचे कंडक्टर ओरडायला लागले, “चला, बोंबली! बोंबलीवाले उतरा!” फाट्याला एकदाचं नाव मिळालं. कुणालाही लिंबाचं झाड समजावून सांगावं लागेना. आधी ते नाव हसून घ्यायचे, मग हसायचेही थांबले, आणि मला वाटतं हसायचे थांबले तेव्हा ते जास्त वाईट झालं. हसणाऱ्याशी भांडता तरी येतं. दौंडच्या बाजाराला निघालेली एखादी म्हातारी भोळेपणानं ‘बोंबलीवर थांबवा बाबा’ म्हणाली, तर तिच्याशी काय भांडणार? दादा पुढं रांजणगावला कंपनीत लागला. कंपनीची बस त्याला फाट्यावरच घ्यायची, आणि बसमधली बिहारकडची पोरं त्याला प्रेमानं ‘बोंबली भाई’ म्हणायची. त्यांना त्या शब्दाचा अर्थसुद्धा माहीत नव्हता. दादा घरी येऊन ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा.

आण्णांच्या शाळेत पोरांनी फळ्यावर बोंबली काढून ठेवली होती. आण्णा वर्गात गेले, चित्र बघितलं आणि म्हणाले, “बोटं चार काढलीत. पाच असतात.” मग पाचवं बोट काढलं आणि फळा पुसला. हे त्यांनी घरी सांगितलं नाही, शाळेतल्या एका मुलीकडून मला कळलं. घरी ते फक्त एकदा बोलले. इनामगावला नदीकाठच्या टेकाडात फार जुन्या काळच्या वस्तीचं खोदकाम झालं होतं, तिथं मातीच्या लहानशा बाया सापडल्या होत्या. आण्णांना त्यांचं फार अप्रूप. एका संध्याकाळी ओट्यावर बसून ते आपल्याशीच म्हणाले, “त्या केल्या तेव्हा त्यांनाही कुणी हसलं असेल का?”

आई शेंगा फोडत होती. “हासलं आसंल म्हणूनच पुरून ठिवल्या,” ती म्हणाली.

आम्ही हसलो. आण्णाही हसले. मूर्तीवरून आमच्या घरात कुणी हसलं असेल तर ते तेवढंच.

मग शिमगा आला. पोरांनी त्या वर्षी होळी फाट्यावर, बरोबर तिच्या पायाशी रचली. हलगी आली. आईनं मागचं दार लावून घेतलं, पण दारानं आवाज थांबतोय होय! अख्खा फाटा तोंडावर हात आपटून बोंबलत होता, आणि प्रत्येक बोंबेनंतर वर बघून कुणीतरी म्हणायचं, “मार की ग, तू बी मार!” आई चुलीपुढं बसून पोळ्या लाटत राहिली. पुरण संपलं तरी लाटत राहिली, नुसत्या कणकेच्या. दुसऱ्या दिवशी धुळवड. दुपारी भाकरी झाल्या, आई बांधावर गेली. मी दारात होते. तिनं हात वर उचलला, छातीपर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला. परत आत आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “मंदे, जा. बोलवून आण त्यास्नी.”

मी ओढा ओलांडून गेले. आण्णा विहिरीच्या कठड्यावर घराकडं कान देऊन बसलेले होते. मला बघून त्यांनी विचारलं, “का? आईला बरं नाही का?” मी म्हटलं, बरं आहे. ते उठून घराकडं चालायला लागले. त्या दिवसापासून मी बोलवायला जायची, मी नसले तर दादा, कुणीच नसलं तर आई ताट झाकून ठेवायची आणि भाकरी गार व्हायची. तिनं बांधावरून पुन्हा कधी हाक मारली नाही. शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात, ते लोकांच्या तोंडी उरतं. आमच्या घरात उरली ती शांतता, आणि मला त्या शांततेची आजही चीड आहे. माणसाचं काम चुकलं तर ते चुकलं म्हणा ना. त्यापायी एका बाईचा आवाज जावा?

उन्हाळ्यात साळवी सर आले. दौंडच्या रेल्वेच्या चाळीत राहायचे, आण्णांना हातात ब्रश धरायला त्यांनी शिकवलेलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. आण्णांनी त्यांना बोलावलं नव्हतं. ते आपले आपण ‘बोंबली’ला उतरले आणि आमच्याकडं न येता हॉटेलच्या बाकड्यावर बसले. हॉटेलवाल्याच्या पोरीनं पळत येऊन सांगितलं, तुमच्याकडचे कोण म्हातारे बोंबलीला बघत बसलेत आणि हसत न्हाईत. आण्णा गेले आणि लांबच उभे राहिले. सरांनी बसून बघितलं, उभं राहून बघितलं, दौंडच्या अंगानं बघितलं, शिरूरच्या अंगानं बघितलं, मग घरी येऊन हातपाय धुतले आणि पोटभर जेवले. ताट सारल्यावर म्हणाले, “रघुनाथ, सांगू का?”

“सांगा सर.”

“गळ्याची शीर फार चांगली उतरलीय. तशी मला जमली नसती. पण हात फसलाय. तू ती अंगणात केलीस, समोरून बघत. ती चढली चौथऱ्यावर. आता माणूस तिला खालून बघतो, आणि खालून तो तळवा बरोबर तोंडावर येतो. हाक मारणाऱ्याचा तळवा गालाशी असतो. पालथा हात तोंडावर आला की ती बोंब. चार बोटांचा फरक आहे.”

आई आतल्या दाराआड उभी होती. ती कधी परक्या माणसासमोर बोलायची नाही, पण तेव्हा बोलली. “सर, म्या हाकच मारत हुते की वो.”

“तुम्ही हाकच मारत होता वहिनी,” सर म्हणाले. “तुमचं काही चुकलं नाही. यानं खालून बघितलं नाही.”

आईनं पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली. आण्णांचं तोंड मात्र उजळलं. त्यांनी माझी लहानपणची पाटी मागवली, दोघं ओट्यावर बसले आणि मनगट कुठं तोडायचं, सळई किती वाकवायची, हे काढत बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काय चुकलं ते सांगितलं होतं, आणि ते सांगायला तिकीट काढून उन्हातून आलं होतं. आख्ख्या तालुक्यानं नाव ठेवलं, पण हात चार बोटं सरकव एवढं कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी जाताना आण्णांच्या पाठीवर थाप मारली. “दुरुस्त होतंय रे,” ते म्हणाले.

दुरुस्त होत होतं. आण्णांनी किसनशेठना विचारलं, ते म्हणाले, तुमचीच हाय मास्तर, करा. एका रविवारी सकाळी शिडी, छिन्नी, हातोडा, घमेल्यात कालवलेला माल, असं सगळं घेऊन आम्ही दोघं फाट्यावर गेलो. आण्णा शिडीवर चढले. मनगटावर छिन्नी ठेवली, पहिला ठोका मारला, एक टवका उडाला. हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, “ओ मास्तर! काय करताय?”

“हात नीट करतोय,” आण्णा वरून म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते एवढंच की फाट्यावर पुतळा फोडत्यात. आणि आमच्याकडं ‘पुतळा फोडला’ हे दोन शब्द एकत्र आले की तिसरा शब्द कुणी ऐकत नाही. कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. किसनशेठच्या शेजारचं शटर खाली आलं. मग त्याच्या शेजारचं. दौंडकडं निघालेली एसटी थांबली आणि माणसं खिडक्यांतून माना काढून बघायला लागली. एका तटाची पोरं आली, ती म्हणाली, दुसऱ्यांनी सांगितलं आसंल फोडायला. दुसऱ्या तटाची आली, ती पहिल्यांना तेच म्हणाली. शिमग्याला ज्यांनी तिच्या पायाशी होळी रचली होती, ती पोरं शिडीला हात लावून उभी राहिली.

“खाली उतरा मास्तर. पुतळ्याला हात लावायचा न्हाई.”

“अरे, मीच केलाय तो. चुकलाय, नीट करतोय.”

“चुकलाय का बरुबर हाय ते आता आमी बघू. बोंबली आमची हाय.”

मी ओरडले, “आमची? नावं ठेवताना कुणाची होती?” तर एक जण माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, “तवा बी आमचीच हुती की.”

हवालदार आले. ते भले गृहस्थ होते, आण्णांना नमस्कार करून बोलले. “परवानगी हाय का मास्तर?”

“माझ्याच कामाला परवानगी?”

“तुमी केला व्हय, पर आता सार्वजनिक झाला न्हवं का? सार्वजनिक पुतळ्याला आसं छिन्नी-हातोडा लावलेला चालत न्हाई. उद्या कुणी बी चढंल.” ते चुकीचं बोलत होते असंही मला म्हणता येत नाही. किसनशेठ मागून हळूच म्हणाले, “उतरा मास्तर. उगं कालवा नको.” आण्णा उतरले. एकेक पायरी बघून उतरले. शिडी मी एका बाजूनं धरली होती, दुसऱ्या बाजूनं तीच पोरं धरून होती, मास्तर पडू नयेत म्हणून. घमेल्यातला माल उन्हात वाळत चालला होता. घरी आलो तेव्हा आई दारात होती. बांधावरून तिला सगळं दिसलं असणार. “हात दाखवून अवलक्षण,” ती पुटपुटली, आणि मग आण्णांचे हात उलटसुलट करून बघत म्हणाली, “लागलं न्हाई न्हवं कुटं?” माल घमेल्यातच दगड झाला. पुढं कितीतरी वर्षं ते घमेलं कोंबड्यांच्या डालग्यावर वजन म्हणून ठेवलेलं होतं.

त्यानंतर आण्णांनी काही केलं नाही. सिंहही नाही. लोक विचारायला यायचे, ते म्हणायचे, हात थरथरतो. थरथरत नव्हता. साळवी सरांचं पुढं एक पत्र आलं, हाताचं काय झालं म्हणून. आण्णांनी उत्तर लिहायला घेतलं आणि तसंच ठेवलं. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी फार उशिरा आमच्या लक्षात आली. शाळेतून येताना ते आमच्या फाट्याचं तिकीट काढेनात. पुढच्या माळवाडीचं काढायचे आणि तिथून चालत मागं यायचे. ऊन असो, पाऊस असो. ‘फाटा’ म्हटलं तर कंडक्टरला कळायचं नाही, आणि जे म्हटलं की कळायचं ते त्यांच्या तोंडून निघायचं नाही. आईला ते माहीत होतं. ती त्यांच्यासाठी कढत पाणी उशिरा काढायची, एवढंच.

रस्ता रुंद झाला तेव्हा मी लग्न होऊन पुण्याला होते. दादानं फोनवर सांगितलं की सकाळी मशीन आलं आणि चौथऱ्यावरची बाई गेली. कुणी अडवलं का, मी विचारलं. दादा म्हणाला, सळया भंगारात कोण घेणार एवढ्यावरून जरा झालं. शटरं उघडीच होती. आण्णा हॉटेलच्या बाकड्यावर बसून बघत होते म्हणे, सर बसले होते त्याच जागी. लिंबाचं झाडही गेलं. तिथं आता बसथांब्याची शेड आहे, तिच्यावर गावाचं खरं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंय. ते कुणी वाचत नाही.

त्यानंतर एकदा आण्णांचे गुडघे दाखवायला मी त्या दोघांना दौंडला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं बंद, घरातल्या घरात तेवढं. परतीच्या एसटीत आम्ही तिघं एका बाकावर, आई खिडकीशी, आण्णा मधे, मी कडेला. कंडक्टर कोवळा पोरगा होता, या मार्गावर नवा. मशीन पुढं करून म्हणाला, “बोला, कुठं?”

आण्णा पुढच्या बाकाच्या दांडीवर ठेवलेल्या आपल्या हाताकडं बघत राहिले. माळवाडी म्हणावं तर तिथून चालणार कोण? मला शब्द येत होता, पण त्यांच्यासमोर तो उच्चारायची माझी छाती होईना. पोरगा पुन्हा म्हणाला, “आजोबा, कुठं?” आण्णांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“तीन बोंबली द्या,” आई म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, मागच्या बाकांवरही ऐकू गेलं असेल. आमच्या घरातल्या कुणाच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पोरग्यानं मशीनवर बोट दाबलं, तिकिटं फाडून माझ्या हातात दिली, आणि जाता जाता सहज विचारलं, “आजी, त्याला बोंबली का म्हंत्यात वो?”

आईनं खिडकीबाहेर बघितलं, मग त्याच्याकडं.

“तितं येक बाई हुती,” ती म्हणाली. “हाक मारायची.”

“कुणाला?”

“ह्यास्नी,” आई म्हणाली.